आमच्या माणसांनी पुन्हा खाल्लं

"माफ करा हं, आमच्या माणसांनी पुन्हा खाल्लं."

दोन्ही कानांच्या पाळ्या चिमटीत धरून चाचा हे म्हणायचे, आणि ज्याला म्हणायचे तो बिचारा बघतच राहायचा. कोणाची माणसं? काय खाल्लं? तर जगाचा फुटबॉल चालवणाऱ्या त्या परदेशातल्या संस्थेत कुणीतरी स्पर्धेच्या यजमानपदासाठी आपलं मत विकलं, अशी बातमी टीव्हीवर आलेली असायची. त्या संस्थेला नकाशात रत्नागिरी सापडली नसती. चाचांना मात्र ती घरची वाटायची. लग्नात आपलाच भाऊ पंगतीत भांडला की यजमान जसा पानापानाशी जाऊन हात जोडतो, तसे ते बाजारभर माफी मागत फिरायचे.

मासळीवाली म्हणायची, "चाचा, खाल्लं त्यांनी नि लाज तुम्हाला? बांगडे घ्या नि गप घरी जा."

"अगो, आपल्या घरच्याची लाज आपल्यालाच वाटणार. शेजाऱ्याला का वाटेल?"

चाचांचं आयुष्य बोटीच्या इंजिनघरात गेलेलं. जगातल्या प्रत्येक बंदरात आपण फुटबॉल खेळलोय, असं ते सांगत. एकदा म्हणे डेकवरून मारलेला चेंडू समुद्रात गेला, तो अजून आफ्रिकेकडे वाहतोय. थापा मारण्यात रत्नागिरीत माझा हात धरणारा कोणी नाही, तरी या चेंडूपुढे मीही टोपी काढतो. निवृत्त होऊन आल्यावर त्यांनी मोहल्ल्यामागच्या कातळावर स्पर्धा सुरू केली. ते अध्यक्ष आणि मी निवेदक. मी "गोऽऽल" म्हणून ओरडलो की पूर्णगडच्या किल्ल्यावरचे कावळे उडतात. निम्मं सोडून द्या, पण अर्धे कावळे तरी उडतात.

एकदा पहाटे तिकडच्या एका भारी हॉटेलातून त्या संस्थेच्या पुढाऱ्यांना पोलिसांनी उचललं. टीव्हीवर दिसत होतं, नोकर माणसं पांढऱ्या चादरी आडव्या धरून त्यांची तोंडं झाकतायत. मला वाटलं, आज चाचा अंथरूण धरणार. तर ते चहाच्या टपरीवर आले ते नवरदेवासारखे.

"चादर बघितलीस?"

"बघितली. आमच्या आख्ख्या घराला पडदे झाले असते."

"मेल्या, तोंड लपवलं त्यांनी! म्हणजे लाज शिल्लक आहे. लाज आहे तिथे माणूस सुधारतो. आता बघ तू."

त्या दिवशी टपरीवर सगळ्यांना त्यांच्यातर्फे चहा. नातवाच्या फोनवरून त्यांनी त्या संस्थेच्या पानावर एक शब्द लिहवून घेतला, "सुधरा." पुढे प्रत्येक फोटोखाली तेच. चषकाचा फोटो, सुधरा. साहेबाच्या वाढदिवसाचा फोटो, सुधरा. कुठल्या कुठल्या देशांतली माणसं त्याला बदाम देत. मराठीतला तेवढा एक शब्द अर्ध्या जगाला पाठ झाला असावा.

पुढे नवे साहेब आले, नवी भाषणं आली, आणि काही दिवसांनी नव्या भानगडीही आल्या. चाचा पुन्हा कान धरू लागले, पण आशा सोडली नाही. "वर सुधारायला वेळ लागतो," म्हणायचे. "तोवर आपलं मैदान तरी साफ ठेवू." आणि ठेवलंही. घरच्या संघाविरुद्ध पेनल्टी देणारा पंच त्यांच्याकडे जेवायला असायचा.

लॉट पाडायचे तेसुद्धा टीव्हीवरच्यासारखे. चिठ्ठ्या नाहीत, तर जत्रेत मिळणारे उघडझाप होणारे प्लास्टिकचे गोळे. प्रत्येकात एका संघाचं नाव, आणि सगळे तांब्याच्या घंगाळात. पाहुण्यानं न बघता हात घालून उचलायचे. पहिला आणि दुसरा गोळा एकमेकांशी खेळणार. तिकडे म्हणे पूर्वी हवा तो गोळा आधी बर्फात ठेवत आणि थंड लागेल तो उचलत, अशी एक वदंता होती. ती सांगताना चाचांचा आवाज खाली यायचा, घरातली भानगड सांगावी तसा. आणि टपरीवर ती सगळ्यांनी ऐकलेली होती. त्यांच्या पुतण्यानंही.

हा पुतण्या मोहल्ल्याच्या संघाचा कप्तान. बंदरावर बोटींना बर्फ पुरवायचा. मनानं वाईट नाही. पायात अक्कल होती, तेवढी वर पोचली नव्हती. एका वर्षी चाचांची तब्येत उतरलेली. याच्या मनात आलं, एकदा तरी कप चाचांच्या हातात द्यावा.

पाहुणे होते नुकतेच कोल्हापूरहून बदलून आलेले एक साहेब. सरळ माणूस. मैदान भरलेलं, मी माइक त्यांच्या तोंडापुढे धरलेला. पहिला गोळा निघाला, आमच्याच मोहल्ल्याचा संघ. टाळ्या. साहेबांनी पुन्हा हात घातला, घंगाळ ढवळलं, एक गोळा वर काढला आणि माझ्या माइकमध्ये, म्हणजे अख्ख्या रत्नागिरीला ऐकू जाईल असं, पुतण्याला विचारलं,

"हाही गार लागतोय बघा. गारच दोन उचलायचे म्हणालात ना? तुमच्याकडची प्रथा चांगली आहे, पण याला मासळीचा वास का येतोय?"

गोळ्यातून पाणी ठिबकत होतं. आत नाव निघालं पूर्णगडचं, ज्यांचा निम्मा संघ त्या आठवड्यात बोटीवर गेला होता.

आधी एक जण हसला, मग सगळं मैदान हसलं. पुतण्याही हसला. "चाचा, वर एवढं चालतं, आपल्याकडे दोन गोळे चालायचे नाहीत? तुमच्यासाठीच केलं ना!"

चाचा खुर्चीतून उठले. पुतण्याच्या तोंडाकडे त्यांनी नीट बघितलं. हे तोंड लपत नव्हतं. मग त्यांनी माझ्या हातातला माइक घेतला, दुसऱ्या हातानं एक कान धरला.

"माफ करा हं," म्हणाले. "आमच्या माणसांनी..."

पुढचं आलंच नाही. हशा तिथेच थांबला. साहेब गोळा हातात घेऊन तसेच उभे. तो ठेवावा कुठे, हेही त्यांना कळेना.

"सगळे गोळे मैदानाच्या दगडी गडग्यावर उन्हात मांडा," शेवटी चाचा म्हणाले. "सारखे तापू देत. मग पुन्हा लॉट पाडा. आमच्या संघाचा गोळा नको. आम्ही या वर्षी खेळत नाही." आणि अध्यक्षाचा बिल्ला खुर्चीवर ठेवून ते मैदानाबाहेर गेले.

बाहेर म्हणजे गडग्यापलीकडे. त्यानंतर प्रत्येक सामना त्यांनी तिथूनच, रस्त्यावर उभं राहून, छत्री उघडून पाहिला. मी बोलवायला गेलो.

"चाचा, खुर्ची रिकामी आहे हो. तुम्ही काय केलंत?"

"बर्फाची गोष्ट कोणी सांगितली त्याला? मीच ना? वर कोणी आपणहून खुर्ची सोडली नाही रे. एक तरी अध्यक्ष सोडताना दिसू दे."

"आणि ते फोनवरचं? सुधरा?"

"आता कुठल्या तोंडानं लिहू?" म्हणाले, आणि छत्री जरा खाली घेतली. मला त्यांचं तोंड दिसेना.

गेल्या पावसाळ्यात चाचा गेले. यंदाच्या स्पर्धेला गडग्यापलीकडे छत्री नव्हती. लॉटच्या दिवशी मी माइक जोडायला लवकर पोचलो, तर पुतण्या माझ्याही आधी आलेला. चाचा जिथे उभे राहायचे, गडग्याच्या बरोबर त्याच चिऱ्यांवर त्यानं सगळे गोळे ओळीनं मांडले होते, आणि सुकत घातलेली मासळी उलटावी तसा एकेक गोळा उलटत होता, दोन्ही बाजूंनी ऊन लागावं म्हणून.

यंदाच्या पाहुण्या बाईंनी घंगाळात हात घातला आणि "आई गं!" म्हणून मागे घेतला. "अहो, भाजलं! ही काय पद्धत तुमची?"

मी माइक पुतण्यापुढे धरला. त्यानं मान खाली घातली आणि दोन्ही कानांच्या पाळ्या चिमटीत धरल्या.