ब्रेकवरचा पाय

चिकलठाण्याला उतरणाऱ्या विमानाचा आवाज आला, की काकांचा उजवा पाय आपोआप पुढं सरकायचा आणि फरशीवर दाबला जायचा. बोलणं चालू असो की चहाचा कप तोंडाशी असो, पाय दाबलेलाच. आवाज धावपट्टीकडं जाऊन विझला, की पाय सैल व्हायचा आणि ते म्हणायचे, "टेकलं." मग बोलणं जिथं तुटलं होतं तिथून पुढं.

तुम्हीही एखादा जुना ड्रायव्हर दुसऱ्याच्या गाडीत बसलेला पाहिला असेल. त्याचा पाय सारखा ब्रेक शोधत असतो. काकांचा पाय आभाळातल्या गाडीचा ब्रेक शोधायचा. पहिल्या दिवशी मला हसू आलं होतं. कारण कळल्यावर पुन्हा कधी आलं नाही.

मी पिशोरची. बारावीच्या पुढं शिकायला गावाबाहेर पडलेली आमच्या घरातली मी पहिलीच. काकांच्या घरातली वरची भाड्याची खोली बघायला आले तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "गाव कोणतं?" मी सांगितलं. ते माझ्याकडं बघत राहिले आणि भाड्याचं काही न बोलता आत निघून गेले. किल्ली काकूंनी दिली. मला वाटलं, आमच्या गावचं कुणीतरी आधी इथं राहून काहीतरी उद्योग करून गेलं असणार.

कॉलनीत त्यांना सगळे उस्ताद म्हणायचे. एका ट्रान्सपोर्ट कंपनीत त्यांची हयात गेली. आधी ट्रक चालवला, नंतर नव्या ड्रायव्हरांना शिकवलं. कुठं अपघात झाला की शेठ पोलिसांच्या आधी उस्तादांना जागेवर पाठवायचे. ते टायरच्या खुणा बघायचे, गाडीभोवती एक फेरी मारायचे, ड्रायव्हरचं थोडं ऐकून घ्यायचे आणि निकाल द्यायचे. निकाल बहुधा एकच असायचा. "गाडी चुकत नसती. हात चुकतो." त्या दोन वाक्यांवर माणसाची नोकरी राहायची किंवा जायची. त्यांनी तयार केलेले ड्रायव्हर अजून रस्त्यात भेटले, की वाकून नमस्कार करायचे आणि हेच वाक्य त्यांना म्हणून दाखवायचे. काका खूश व्हायचे. पूर्वी व्हायचे म्हणे. मी पाहिलं तेव्हा ते हे वाक्य ऐकून मान खाली घालायचे.

त्यांना एकच मुलगा होता. घराण्याची बिडकीनची जमीन कारखान्यांसाठी गेली तेव्हा भावकीनं गाड्या घेतल्या, बंगले बांधले. काकांनी मुलाला वैमानिक केलं. भावकी हसली. काका त्यांना सांगायचे, "माझ्या बापाची गाडी दोन चाकांची, माझी सहा चाकांची, पोराची तीनच चाकांची. पण तिच्यापुढं तुमच्या सगळ्या गाड्या उभ्या करा." मुलगा एका खासगी कंपनीचं छोटं जेट चालवायचा. मोजक्या सीटा आणि पुढं दोघं वैमानिक. पैसेवाल्यांना घेऊन जायचं आणि घेऊन यायचं.

एका पावसाळी दुपारी, परराज्यातल्या छोट्या धावपट्टीवर ते विमान उशिरा टेकलं, पट्टी संपली तरी थांबलं नाही आणि पुढच्या नाल्यात गेलं. दोघंही वैमानिक गेले. मागं बसलेले एक गृहस्थही गेले. त्या वेळी विमान काकांचा मुलगा उतरवत होता. पुढं चौकशी झाली. वैमानिकाची चूक, असा निष्कर्ष निघाला.

त्या निष्कर्षाची बातमी आली त्या दिवशी घरात माणसं बसलेली होती. कुणीतरी हळहळत म्हणालं की विमानातच काही बिघाड असणार. आणि काकांच्या तोंडून, जन्माची सवय म्हणून, ते वाक्य निघून गेलं. "गाडी चुकत नसती. हात चुकतो." काकू दारात उभ्या होत्या.

त्या दिवसापासून काकू त्यांच्याशी बोलत नव्हत्या. हे मला शेजारणीनं सांगितलं, पण सांगायची गरज नव्हती. घरात निरोप माझ्यामार्फत फिरायचे. दोघं एकाच खोलीत बसलेले असायचे. काकू म्हणायच्या, "त्यांना विचार, भाजी कोणती आणू." मी त्यांच्याकडं वळायच्या आत काका म्हणायचे, "तिला सांग, मेथी." चहाही माझ्या हातानंच जायचा. सुरुवातीला हे मला जरा गमतीचं वाटायचं. नंतर मी खाली उतरायचं टाळू लागले.

एका रविवारी काकांनी मला हाक मारली. "बेटा, तुला इंग्रजी येतं ना?" येतं म्हणायला मला धीर होत नव्हता. कॉलेजात इंग्रजीच्या तासाला मी मागच्या बाकावर बसायचे. तरी व्हय म्हणाले. त्यांनी मोबाईल पुढं केला. त्यावर मुलगा चालवायचा त्या मॉडेलच्या विमानांच्या अपघातांची माहिती होती. जगभरात ते मॉडेल जिथं जिथं घसरलं, पडलं, पट्टीबाहेर गेलं, त्याचे अहवाल. कुणा ओळखीच्या पोराकडून त्यांनी ते शोधून घेतले होते.

"वाच," ते म्हणाले. "त्यात कुठंतरी गाडीची चूक निघंल. निघाली की मला दाखव. मी तिला दाखवतो."

तिला म्हणजे काकूंना. त्यांना चौकशी पुन्हा उघडायची नव्हती की कोर्टात जायचं नव्हतं. आपल्याच घरात बोललेलं एक वाक्य त्यांना परत घ्यायचं होतं, आणि पुराव्याशिवाय निकाल फिरवायचा नसतो, एवढंच त्यांना माहीत होतं.

मग दर रविवारी आम्ही बसायचो. मी अडखळत वाचायचे, शब्द शोधायचे, मराठीत सांगायचे. ते डोळे मिटून ऐकायचे. अपघात वेगवेगळ्या देशांतले, पण गोष्ट फार बदलायची नाही. धावपट्टी ओली होती. विमान वेगात आलं. उशिरा टेकलं. थांबलं नाही. आणि शेवटी संभाव्य कारण, वैमानिकाची चूक. 'संभाव्य' म्हणताच काका पहिल्यांदा ताठ बसले होते. "म्हणजे नक्की नाय ना?" मी म्हणाले की सगळ्याच अहवालांत असंच लिहितात. ते पुन्हा मागं टेकले.

एकदा मीच वाचता वाचता थांबले. एका परदेशी अहवालात त्याच मॉडेलच्या विमानाचे ब्रेक लागले नव्हते, असं स्पष्ट लिहिलं होतं. मी ते दोनदा वाचलं. काका उभे राहिले. "तिला बोलाव," असं त्यांच्या ओठांवर आलेलं मला दिसलं. पण त्यांना पक्कं काम लागायचं. "पुढं वाच," म्हणाले.

पुढं लिहिलं होतं की ब्रेक लागत नाहीत हे दिसल्यावर वैमानिकानं आणीबाणीच्या ब्रेकचा दांडा ओढायला हवा होता. तो ओढला नाही. म्हणून चूक वैमानिकाची.

काका खाली बसले आणि म्हणाले, "असंच बोललो होतो मी. भिकनला. हँडब्रेक का नाय ओढला म्हणून."

भिकन म्हणताच माझ्या लक्षात आलं. आमच्या पिशोरात बसस्टँडजवळ भिकनमामांचं पंक्चरचं दुकान आहे. दिवसभर दुसऱ्यांची चाकं दुरुस्त करतात, पण स्वतः चाकावर बसत नाहीत. कुठंही जायचं तर पायी. "भिकननं मेव्हणा मारला," हे आम्ही पोरं अर्थ न कळता ऐकत आलो होतो. पूर्वी ते काकांच्या कंपनीत ट्रकवर होते आणि बायकोचा सख्खा भाऊ त्यांच्या गाडीवर क्लीनर होता. कन्नडच्या घाटात, उतारावर, गाडी हाताबाहेर गेली. मेहुणा जागच्या जागी गेला. भिकनमामा काकांना तिथंच, गाडीशेजारी, सांगत होते की ब्रेक लागले नाहीत.

"त्या गाड्यांचे ब्रेक गरम झाले की बसत नव्हते," काका म्हणाले. "आमच्यात सगळ्यांनाच ठाऊक होतं. मलाबी. पण त्याच गाड्या मी त्याच घाटातून उतरवल्या होत्या. मला वाटलं, मला जमलं तर याला काय झालं?"

त्यांच्या निकालानं भिकनमामांची नोकरी गेली. पण ते थोडंच होतं. सासुरवाडीनं तो निकाल ऐकला आणि पुन्हा कधी त्यांचा उंबरा चढला नाही.

पुढच्या सुट्टीत मी गावी निघाले तेव्हा काका पिशवी घेऊन दाराशी तयार होते. बसमध्ये ते ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसले. पिशोर येईपर्यंत त्यांचा पाय किती वेळा दाबला गेला, देव जाणे.

भिकनमामा ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होते. मान वर न करताच म्हणाले, "बसा उस्ताद." पायांवरून ओळखलं की पावलांच्या आवाजावरून, कळलं नाही. त्यांनी चहा सांगितला. काकांनी चहा हातात धरला, प्यायला नाही.

"भिकन, त्या दिवशी ब्रेक नव्हता. मला ठाऊक होतं."

"मलाबी ठावं व्हतं," मामा म्हणाले. "मी तिथंच तर सांगत व्हतो तुमाला."

काका म्हणाले की तुझ्या सासुरवाडीला चल, मी त्यांच्यासमोर सांगतो, हात चुकला नव्हता म्हणून. मामांनी बुडबुड्यांच्या जागी खडूची खूण केली. ट्यूब पुसली. कुठलीही घाई नव्हती त्यांना.

"सासरा गेला. सासू परवाच्या साली गेली. जाताना लेकीला भेटली, मला नाय भेटली. आता कोनाला सांगता?"

मामांनी ट्यूब टायरमध्ये घातली, हवा भरली, गिऱ्हाईक लावून दिलं. मला वाटलं, आता ते माफ केलं म्हणतील. गोष्टीत असंच होतं. ते म्हणाले, "पोराचं ऐकलं मी. हातच चुकला म्हनं."

ते टोमणा मारत होते की विचारत होते, मला आजही सांगता येत नाही. काकांनी भरलेला कप तसाच खाली ठेवला.

परतीच्या बसपर्यंत मामा पायी सोडायला आले. बस सुटायच्या आधी खिडकीशी येऊन म्हणाले, "उस्ताद, इमानाचे ब्रेक लागले व्हते का?"

"कुणी सांगत नाय. कागदात नाय."

"कागदात माझंबी नव्हतं." मामांनी खिडकीची दांडी धरली होती. "माझं ऐकनारे गेले. तुमचं ऐकनारं मानूस घरात हाय. जा, सांगा."

मी गावी राहिले नाही. काकांना एकटं पाठवायला मन घेईना, म्हणून तशीच परत फिरले. घरी पोचलो तेव्हा काकू ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. काका चप्पल न काढताच त्यांच्यासमोर उभे राहिले.

"त्याचा हात चुकला नव्हता," ते म्हणाले.

काकूंनी माझ्याकडं पाहिलं. "त्यांना विचार, कागद सापडला का?"

मी काही बोलायच्या आत काका म्हणाले, "नाय. कागद नाय. मी सांगतोय."

आणि इतक्या दिवसांनी काकू थेट त्यांच्याशी बोलल्या. आवाज चढला नाही. "त्या दिवशी म्हणाला असतात तर मी मानलं असतं. सगळ्या जगानं नाही म्हटलं असतं तरी मानलं असतं. आता मला बरं वाटावं म्हणून म्हणताय." त्या सूप घेऊन आत गेल्या.

काका चप्पल घालूनच बसून राहिले. आपण दिलेला निकाल माणसं किती पक्का धरून ठेवतात, हे त्यांना त्या दिवशी कळलं असावं. त्यांनी मला पुन्हा अहवाल वाचायला सांगितलं नाही. मी एकटी काही दिवस वाचत राहिले, कुठंतरी ते वाक्य सापडेल म्हणून. त्याच त्या ओल्या पट्ट्या, तोच वेग. इतकी माणसं एकाच जागी चुकतात, तर त्या जागेकडं कुणी का बघत नाही, असं मला वाटायचं. पण मी इंजिनिअर नाही. माझं वाटणं हा पुरावा नाही. आणि पुरावा असता तरी तो आता कुणाला हवा होता?

काकूंचं बोलणं मात्र पुन्हा सुरू झालं. मोजकंच. भाजी आणा, औषध घ्या. मला निरोपातून सुट्टी मिळाली, पण घर काही हलकं झालं नाही. पूर्वी तिथं अबोला होता, आता कामापुरते शब्द होते.

मी शेवटच्या वर्षाला होते तेव्हा काकांना झटका आला. वाचा गेली, अंगाची डावी बाजू गेली. दवाखान्यातून घरी आणलं. पुढच्या खोलीत, खिडकीशी, खाटेवर ते पडून असायचे. विमान आलं की पांघरुणाखाली उजवा पाय तेवढा दाबला जायचा. "टेकलं" हा शब्द गेला होता.

काकू पायथ्याशी बसून त्यांचे पाय चोळायच्या. एकदा विमानाचा आवाज आला आणि काकांचा पाय नेमका त्यांच्या हाताच्या तळव्यावर दाबला गेला. मला वाटलं, त्या हात काढून घेतील. त्यांनी काढला नाही. त्यानंतर दूरवर आवाज आला, की त्या आपण होऊन त्यांच्या उजव्या पायाखाली तळवा लावायच्या आणि खिडकीबाहेर बघत बसायच्या. काकूंनी त्यांचं म्हणणं मानलं होतं की नाही, मला माहीत नाही. मी विचारलंही नाही.

एका दुपारी मी कॉलेजातून आले तेव्हा दोघं तसेच होते. पूर्वेकडून आवाज येत होता. काकूंनी तळवा लावला. आवाज घरावरून गेला, धावपट्टीकडं उतरला आणि विझला. काकूंनी माझ्याकडं पाहिलं आणि मग पायाकडं. या वेळी पाय दाबला गेला नव्हता. तळवा त्यांनी तसाच लावून ठेवला होता.

विमान आपलं आपणच टेकलं.