साक्षीदार म्हैस

तुमसरला आमचं एक फिल्म मंडळ आहे. आम्ही आठ जण, बहुतेक मास्तर नाहीतर बँकवाले. महिन्यातल्या एका रविवारी सकाळी शिकवणी वर्गाच्या खोलीत पडदे ओढून सिनेमा पाहतो आणि नंतर चहा पीत त्यावर बोलतो. सिनेमा जितका कंटाळवाणा, तितकं आमचं बोलणं खोल. मला असले संथ, विचित्र सिनेमे खरंच आवडतात. वीस मिनिटं नुसती भिंतीकडं बघणारी बाई मी आनंदानं पाहिली आहे. त्यातले निम्मे मला कळत नाहीत, एवढं मात्र मंडळात कधी सांगितलं नव्हतं.

गेल्या वर्षी पाऊस संपल्यावर सिहोऱ्याहून आई डोळे तपासायला आली. डॉक्टरांची वेळ दुपारची होती, म्हणून तिला मंडळात घेऊन गेलो. तिची सारी हयात धानाच्या शेतात गेलेली. त्या दिवशीचा सिनेमाही कुठल्याशा परदेशातल्या धानवाल्या शेतकऱ्यावरचा. दोन तासांत जेमतेम चार वाक्यं. शेवटी तो एकटाच चिखलात रोपांची रोवणी करत सरळ आपल्याकडं चालत येतो आणि सिनेमा संपतो.

आमचे अध्यक्ष निवृत्त प्राध्यापक. ते म्हणाले, "हे पुढं चालत रोवणं म्हणजे प्रतीक आहे. माणूस भूतकाळ मागं टाकून निघालाय."

मी मान डोलावली. वहीत लिहूनही घेतलं.

आई म्हणाली, "रोवताना मांगं मांगं सरकतेत, सर. हा पुढं येऊन राहिला. आत्ताच लावलेलं आपल्याच पायानं तुडवून राहिला."

"ताई, दिग्दर्शकानं ते मुद्दाम केलं असणार."

"मुद्दाम करो का कसंबी करो. धान तर मेलं न."

मला लाज वाटली ती माझी. शाळेत असताना मीही रोवणीला जात होतो.

अध्यक्ष मोठ्या मनाचे. त्यांनी तिला तिचा आवडता सिनेमा विचारला. लग्नानंतर जत्रेतल्या तंबूत पाहिलेला एक सिनेमा तिनं सांगायला घेतला. गावचा पाटील एका विधवेची म्हैस बळकावतो. प्रकरण कोर्टात जातं. म्हशीलाही तिथं आणतात आणि ती भर कोर्टात पाटलाचा खिसा शिंगानं फाडते. आतून म्हशीच्या मालकीचा खरा कागद बाहेर पडतो. म्हशीला एक दुःखाचं गाणंसुद्धा आहे. आईनं अर्धा तास सांगितलं. चहा निवून गेला.

"मग निकाल काय लागला?" अध्यक्षांनी विचारलं.

"म्हैस जितली. पाटलाले तिचं शेण उचलाची सजा देली."

तेव्हा मी सांगून टाकलं, की हा सिनेमा मी लहानपणी टीव्हीवर सहा वेळा पाहिलाय आणि माझाही सगळ्यात आवडता हाच. आवडत्या सिनेमांच्या माझ्या यादीत तोवर सगळे परदेशी होते.

पुढच्या बैठकीत मंडळानं तोच लावला. प्रत इतकी खराब, की म्हैस आणि वकील दुरून सारखेच दिसत होते. गाण्याच्या वेळी अध्यक्षांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि ते म्हणाले, "संगीत जरा भडक आहे." मग त्यांनीच ते गाणं पुन्हा लावायला सांगितलं.

घरी आल्यावर सिहोऱ्याला आईला फोन केला आणि तिचा सिनेमा लावल्याचं सांगितलं.

"सर रडले का?" तिनं विचारलं.

"रडले."

"मंग चांगला मानूस आहे," ती म्हणाली आणि धान कापायला बाया मिळत नाहीत, ते सांगू लागली.