दोन मीटर उत्तरेला

हद्दीची रेघ विहिरीच्या बरोबर मधून जाते, असं देवराव गुरुजींचं म्हणणं होतं. विहीर विमलबाईंची. गुरुजी तिच्या काठावर उभे होते आणि चुना कुठून कुठवर टाकायचा, ते छत्रीच्या टोकानं मला दाखवत होते. बाजूला त्यांनी आणून ठेवलेलं पाइपचं नवं भेंडोळं पडलं होतं. अर्धी विहीर आपली निघाली की लगेच मोटर बसवायची, इतकी तयारी.

मी भूकरमापक आहे. म्हणजे शेत मोजून त्याची हद्द दाखवून देणारी सरकारी बाई. राहते वर्ध्याला नालवाडीत, काम आर्वी तालुक्यात. सुखासुखी कोणी मोजणी करून घेत नाही, त्यामुळे मी जाते तिथं भांडण आधीच येऊन बसलेलं असतं. रोहण्याच्या शिवारात त्या दिवशी तसंच होतं. विमलबाईंनी अर्ज केला होता की शेजारचे गुरुजी धुरा कोरतात. धुरा म्हणजे दोन वावरांमधला बांध. तो कोरायची आमच्याकडे एक सभ्य रीत आहे. दरवर्षी नांगरटीच्या शेवटच्या फेरीला एक फाळ धुऱ्यावर चढू द्यायचा. जाते ती जेमतेम तीन बोटं रुंदीची पट्टी. तेवढ्यासाठी कोण भांडणार? माणूस गप्प बसतो आणि धुरा चालू लागतो.

इथं तो चालत विहिरीपर्यंत पोचला होता. विहिरीला वळसा घालून दोन्ही बाजूंनी पुढं गेला होता. सरळ रेघ ओढली तर विहीर अर्धी कापली जात होती. उन्हाळ्यात त्या विहिरीला एकाच बागेपुरतं पाणी असतं आणि विमलबाईंची सगळी संत्र्याची झाडं त्यावरच. अर्धं पाणी गेलं तर बाग गेली.

हल्ली मोजणी रोव्हरनं होते. काठीवर बसवलेलं ताटलीएवढं यंत्र असतं, ते उपग्रहांकडून आपण नेमके कुठं उभे आहोत ते काढतं. आधी शिवारातले जुने हद्दीचे दगड गाठायचे, त्यांवर काठी टेकवायची आणि त्या आधारानं नकाशा जमिनीवर बसवायचा. मी बसवला. धुरा मूळ जागेपासून दोन मीटर उत्तरेला सरकलेला निघाला. विहीर पूर्ण विमलबाईंची. माझ्या लेखी काम संपलं होतं.

"धुरा सरकला, हे मला मान्य आहे," गुरुजी म्हणाले.

मोजणीवर असं कोणी कबूल करत नाही. मी सावध झाले.

"पण मी सरकवला नाही. भारत सरकतो आहे, म्याडम. आपला अख्खा खंड उत्तरेकडं चालला आहे, म्हणून तर हिमालय वर आला. वर्षाला साधारण पाच सेंटिमीटर. हा धुरा घातला त्याला झाली चाळीस वर्षं. करा गुणाकार."

मी केला. दोन मीटर आले. गणित बरोबर होतं, हीच तर अडचण होती. गुरुजींच्या नांगराचा आणि खंडाचा वेग नेमका एकच निघाला होता.

"निसर्गापुढं कोणाचं चालतं?" असं म्हणून त्यांनी छत्री उघडली.

गुरुजींनी जन्मभर भूगोल शिकवला होता. जमलेल्या पंचांपैकी निम्मे त्यांच्या हातचा मार खाल्लेले. ते आपोआप हात मागं बांधून उभे राहिले. तेवढ्यात ऑफिसमधून साहेबांचा फोन आला. गुरुजींनी त्यांना आधीच गाठलं होतं, आणि साहेबही त्यांचेच विद्यार्थी.

"काय म्हणताहेत गुरुजी? खंड सरकतो?"

"हो सर."

"ते अपिलात जातील हो. तुम्ही रिपोर्टमध्ये लिहून टाका, खंड सरकत नाही."

"सर, तो सरकतो."

"मग लिहा, रोहण्यात सरकत नाही."

मी फोन ठेवला. विमलबाई इतका वेळ विहिरीच्या कठड्याला धरून उभ्या होत्या. त्या एकदम म्हणाल्या, "मंग गुरुजी, माही इहीर काऊन नाई सरकली? थे बी त याच देशात हाय ना?"

"विहीर खोल गेलेली असते, वहिनी. सरकतं ते वरचं."

इथं मला राग आला. धुरा कोरला ते एक वेळ चाललं असतं, पण आता ते भूगोलच कोरायला निघाले होते. "गुरुजी, सरकतो तो कित्येक कोस जाडीचा खडक," मी म्हटलं. "त्यात ही विहीर म्हणजे सुईचं टोचणंही नाही. पाट सरकवला तर त्यावरचं ताट, वाटी, तांब्या सगळं सोबत जातं. ताट पुढं आणि तांब्या मागं, असं होत नाही. धुरा सरकला तसे जुने दगडही सरकले. मी त्या दगडांपासूनच मोजलंय."

"पाचवीच्या पोरांना ठीक आहे हे उदाहरण," गुरुजी म्हणाले, आणि पंचांनी माना डोलावल्या. माझाच राग मला गिळावा लागला.

आता, मोजणीची नोटीस चारी बाजूंच्या शेतकऱ्यांना जाते. गुरुजींच्या दक्षिणेला गजाननचं वावर. तोही आला होता आणि मघापासून बोटांवर हिशेब करत होता. आता तो पुढं झाला.

"गुरुजी, म्हंजे सारंच उत्तरेले चाललं ना?"

"बरोब्बर! शाळेत कळलं नाही, आता कळलं तुला."

"मंग तुमचा माह्याकडचा धुरा बी दोन मीटर उत्तरेले गेला असन."

गुरुजींची छत्री जरा कलली.

"नाई म्हंजे," गजानन अदबीनं म्हणाला, "त्या धुऱ्यावर तुमची सागाची लाइन हाय. पन माती सरकली अन् झाडं त इहिरीवानी खोल, थे जागीच राह्यले, म्हंजे आता माह्या वावरात आले. माह्या घरी दरवाज्याले लाकूड पायजेच होतं. म्याडम, तिकडं बी टाका ना चुना."

सगळ्यांनी मागं वळून पाहिलं. गुरुजींचे साग उंच, सरळ, कापायला आलेले. दोन मीटरच्या पट्टीत ते झाडून सगळे बसत होते.

गुरुजींनी छत्री मिटली आणि तिच्या टोकानं एकेक साग मोजला. मग घसा साफ करून म्हणाले, "तसं त्या विषयात अजून बरंच संशोधन बाकी आहे. म्याडम, तुमच्या नकाशाप्रमाणे चुना टाका."

"काऊन मांगं घेता गुरुजी?" गजानन खरोखर हळहळला. "आत्ताच त म्हनले ना, निसर्गापुढं कोनाचं चालत नाई!"

मी चुना टाकला. रेघ विहिरीच्या कठड्याला न शिवता बाहेरून गेली. विमलबाई रेघेच्या टोकापर्यंत चालत गेल्या, परत आल्या आणि डोळ्यांना पदर लावून रडू लागल्या. मग डोळे पुसून त्यांनी सगळ्यांसाठी चहा ठेवला, गुरुजींसाठीसुद्धा. गुरुजींनी तो उभ्याउभ्याच घेतला आणि पाइपचं भेंडोळं खांद्यावर टाकून निघाले. पंचनाम्यावर सही मात्र त्यांनी केली, अगदी वळणदार.

परत निघताना साहेबांचा फोन आला. "काय झालं हो?"

"खंड थांबला, सर."

"चला, बरं झालं," ते म्हणाले. त्यांनी सोडलेला सुस्कारा मला फोनवरही ऐकू आला.

तेव्हापासून कोणी धुरा आपोआप सरकला म्हणालं की मी वाद घालत नाही. खंड सरकतो तेव्हा तो सगळ्यांना घेऊन सरकतो. एकट्याचंच वावर सरकलं असेल, तर ट्रॅक्टर कोणाचा, एवढंच विचारते.