दगडाच्या कापसाची उशी

माझे धाकटे दीर मुंबईला सिमेंटच्या पत्र्यांच्या कारखान्यात लागले, तेव्हा माझ्या लग्नाला तीन वर्षं झाली होती. आमचं घर दिघीच्या खाडीकाठी, घरची मासेमारीची होडी. दीर सणावाराला बोटीनं घरी येत आणि रिकाम्या हातानं कधीच येत नसत. एका शिमग्याला ते पोतं घेऊन उतरले. आत पांढरा, मऊ, लोकरीसारखा जिन्नस होता.

"हा दगडाचा कापूस," ते म्हणाले. "खाणीतून निघतो. सिमेंटात कालवून त्याचे पत्रे करतात. ॲस्बेस्टॉस."

"दगडाला कापूस येतो व्हय?" सासूबाई म्हणाल्या.

दीरांनी चिमट्यात थोडा कापूस धरला आणि चुलीत घातला. बाहेर काढला तर जसाच्या तसा. दुपारपर्यंत निम्मी आळी आमच्या स्वयंपाकघरात तो प्रयोग बघून गेली. दीर खोकत खोकत प्रत्येकाला नव्यानं करून दाखवत होते. मुंबईची हवा मानवत नाही, असं आम्ही समजत होतो.

ते परत गेल्यावर सासूबाईंनी त्या कापसाची उशी शिवली. वर फुलाफुलांचा अभ्रा घातला. येईल त्या बाईला सांगत, "घराला आग लागली तरी माझी उशी जळायची न्हाय."

"आग लागल्यावर तू उशीवर निजून राहणार हायस का?" सासरे विचारत.

उशी टोचायची. सासूबाईंच्या मानेला खाज सुटे, पण कबूल करायची त्यांची तयारी नव्हती. माझी दोन वर्षांची मुलगी त्यांच्या कुशीत झोपायची. सकाळी उशी झटकली की उन्हाच्या तिरिपेत बारीक तंतू तरंगायचे आणि ती ते पकडायला धावायची. मला तेव्हा ते बघून गंमत वाटायची.

पुढच्या खेपेला दीर आले ते अर्धे होऊन. धक्क्यापासून घरापर्यंत चालताना दोनदा बसले. नवऱ्यानं त्यांना एस.टी.नं माणगावला डॉक्टरकडे नेलं. मुलीला ताप होता म्हणून तिला घेऊन मीही गेले. डॉक्टर मुंबईच्या इस्पितळात कारखान्यांतली माणसं तपासून आलेले होते. दीरांच्या पाठीला बराच वेळ नळी लावून त्यांनी विचारलं, "काम काय करता?"

दीरांनी सांगितलं. डॉक्टरांनी नळी खाली ठेवली.

"त्याची धूळ छातीत जाते आणि तिथेच राहते. औषधानं निघत नाही. ते काम सोडा."

"पगार चांगला आहे, साहेब."

"असेल. पण श्वास पुरला पाहिजे ना?"

मी दाराशी मुलीला घेऊन उभी होते. माझ्या तोंडून उशीची गोष्ट निघाली. डॉक्टर आधी हसले, मग माझ्या कडेवरच्या मुलीकडे बघून त्यांनी तिलाही नळी लावली. ताप साधाच निघाला. मग त्यांनी उशीचं काय करायचं ते नीट समजावलं: झटकायची नाही, उसवायची नाही, जाळायची तर सोयच नाही. पाण्यानं ओलीचिंब करून डब्यात बंद करा आणि विहिरीपासून लांब खोल पुरा. खोली ओल्या फडक्यानं पुसा, केरसुणी लावू नका.

"पोरीला काही होईल का?" मी विचारलं.

"थोड्या दिवसांचं आहे, बहुतेक नाही. पण खात्रीनं कुणी सांगू शकणार नाही. अशा गोष्टी फार वर्षांनी कळतात."

घरी येईपर्यंत मी तिला मांडीवरून खाली उतरवलं नाही.

मला वाटलं, उशीसाठी सासूबाईंशी वाद घालावा लागेल. पण त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि नातीच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "माझ्याच हातानं शिवली मी." मग नाकाला ओला पदर बांधून त्यांनीच उशीवर घागर ओतली. पोत्यात उरलेला कापूसही भिजवला. नवऱ्यानं सगळं डांबराच्या रिकाम्या पिंपात भरलं, झाकण ठोकून बसवलं आणि घरामागच्या टेकाडावर छातीइतका खड्डा खणला. सासूबाई काठावर उभ्या राहून "अजून खोल" म्हणत राहिल्या. नवरा अखेर म्हणाला, "आई, आता पाणी लागेल." तेव्हा कुठे त्या हलल्या. चार दिवस आम्ही दोघी गुडघ्यांवर बसून जमीन पुसत होतो.

दीर मुंबईला गेले ते फक्त कामाचा राजीनामा द्यायला. खोकला काही त्यांना सोडून गेला नाही. जाळं ओढताना धाप लागायची, म्हणून सासऱ्यांनी सुकाणू त्यांच्या हाती दिलं. खाडीच्या तोंडाशी पाणी कुठं उथळ आहे हे त्यांना वर्षाच्या आत असं कळायला लागलं की बाकीच्या होड्या त्यांच्या मागून जायला लागल्या.