तुडुमाचं तिसरं भोक

सत्तरच्या दशकाच्या शेवटी, सिहोऱ्याकडच्या आमच्या गावात, भादव्यात पाऊस थांबला. हलका, लवकर येणारा धान निघाला होता. भारी, उशिरा येणारा धान गर्भात होता आणि त्याला आणखी एक पाणी हवं होतं. ते फक्त तलावात होतं.

वडील गावचे पाणकर होते. कोणाच्या बांधीला, म्हणजे धानाच्या खाचराला, कधी पाणी द्यायचं, हे ते ठरवत. गावाचा नियम होता: पाटाच्या शेपटीला पाणी सर्वात आधी, तलावाच्या पाळीखालच्या, म्हणजे मातीच्या भिंतीजवळच्या बांध्यांना शेवटी, कारण पाळीजवळच्यांना पाणी चोरणं सोपं. आमची बांधी पाळीला लागून, त्यामुळे सर्वांच्या शेवटी.

तलावाचं पाणी तुडुमातून सुटे. तुडूम म्हणजे पाळीच्या आतल्या बाजूला दगडी पायऱ्या आणि प्रत्येक पायरीत लाकडी बूच बसवलेलं भोक. पाणी उतरून भोकापर्यंत आलं की ते बूच काढायचं, त्याआधी नाही. मी तेव्हा नागपूरला एका दैनिकात होतो आणि आठ दिवसांच्या रजेवर आलो होतो.

दुसऱ्या भोकातून येणारी धार बारीक झाली होती. पाटातच जिरत होती. शेपटीच्या बांध्यांचे दोघे मालक सकाळीच पाळीवर वडिलांकडे आले.

"मामाजी, धान करपून राहिला. तिसरं काहून नाई काढत?"

"पानी अजून वर हाय. बूच फुगलं असन."

"हाव, अन् आमी पानी उतराची वाट पाहत बसू!"

वडील पाण्यात उतरले. कमरेइतकं पाणी. वाकून त्यांनी तिसरं बूच हलवलं, ओढलं. अर्धं हातात आलं, अर्धं भोकात फुटून राहिलं. पाट भरून वाहू लागला. शेपटीच्या दोघांनी आनंदाने ओरडून आपल्या बांध्यांची तोंडं फोडली. वडील हातातल्या लाकडाकडे पाहत होते.

दुपारी शेपूट भरली. तरी पाणी थांबवता येईना. नवं बूच बसेना, फुटका तुकडा आड येत होता. पाटाच्या बाजूच्या बांध्या उघडल्या, त्याही भरल्या. पाळीजवळच्या बांध्या उंच, त्यांत पाणी चढवायला पाटात आडवा बांध घालावा लागे, तो या धारेत टिकेना. उरलेलं नाल्याला जाऊ लागलं. तलावाच्या काठावरची ओली रेघ रुंद होत होती. मी काठी रोवून ती मोजत होतो. त्याचा कोणाला उपयोग नव्हता.

दुसऱ्या दिवशी वडील ढिवर टोळीच्या म्हाताऱ्याकडे गेले. तलावातली मासोळी त्या टोळीची होती. म्हातारा बुडी मारण्यात पटाईत, पण त्यालाही भीती होती, भोक हात ओढून घेतं. कमरेला दोर बांधून, धानाचं तणस, म्हणजे पेंढा, आणि चिखलाचा बोळा घेऊन तो तीनदा खाली गेला. तिसऱ्या वेळी धार थांबली. तो वर आला तेव्हा त्याचं कोपर सोलून निघालं होतं.

पाळीजवळच्या सहा बांध्या कोरड्याच होत्या. तलावात उरलं ते थोडंच पाणी, गुरांचं आणि मासोळीचं; भोक पुन्हा उघडलं तर तेही जाणार होतं. ते इंजिन लावून उपसायचं, तर म्हाताऱ्याला विचारावं लागणार होतं. वडिलांनी विचारलं.

"पानी तुमचं, मासोळी आमची," म्हातारा म्हणाला. "पानी गेल्यावर मासोळी का पाळीवर बसन?" मग त्याने पाण्यात शिरून तळाच्या चिखलात एक खुंटी ठोकली. "इथपर्यंत. पुढं नाई."

भाड्याचं इंजिन सकाळी सुरू झालं. वडील खुंटीसमोर बसून राहिले. जेवायला उठले नाहीत. चार बांध्या भिजल्या. पाचवी शेजाऱ्याची. ती अर्धी भिजली असताना खुंटीचा तळ दिसला. शेजारी धावत आला.

"अर्धा घंटा गा, दादा. म्हाताऱ्याचं ध्यान इकडं नाई."

"खुंटी दिसली मले."

"चूक तुमची अन् काटकसर माझ्या बांधीत?"

वडिलांनी इंजिन बंद केलं. शेजाऱ्याने डोक्याचा पंचा काढून जमिनीवर आपटला आणि निघून गेला. पाटातलं उरलेलं पाणी त्याच्या बांधीकडे सरकत होतं. ते मध्येच जिरलं.

सहावी बांधी आमची होती. तिला पाणी मिळालंच नाही. दिवाळीआधी आईने तिथला दाणा न भरलेला उभा धान गुरांसाठी कापला.