सराईवाल्याचं नाव

दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या त्या माणसाला लॅबमध्ये सगळे ‘सम्राट’ म्हणत, आणि त्या मठ्ठाला ते कौतुक वाटे. दिवसभर मेणात दात बसवायचे आणि घरी येऊन जग निर्माण करायचं, हा त्याचा उद्योग. फाशांच्या एका खेळासाठी हे जग: एकाने ते मांडायचं, बाकीच्यांनी त्यात योद्धे नाहीतर जादूगार होऊन भटकायचं. चौदा वर्षांत त्याने अकरा रजिस्टरं भरली. सतरा राजांच्या वंशावळी, वर त्यांच्या घोड्यांच्याही वंशावळी! खेळायला मात्र कुत्रंही फिरकत नव्हतं. दोन टोळकी पहिल्याच दिवशी पळाली. “अडाणी लेकाचे,” म्हणून त्याने नाक मुरडलं. बायकोने तर एकही रजिस्टर उघडलं नव्हतं, आणि तिच्याकडून त्याची अपेक्षाही नव्हती.

एका रविवारी दुपारी तिसरं टोळकं जमलं: पुतणी, तिची मैत्रीण आणि औषधांच्या दुकानातला एक गृहस्थ. हेही गेले तर आपलं जग कपाटातच कुजणार, हे सम्राटाला कळत होतं. म्हणून या शहाण्याने काय करावं? सव्वा तास राजांचा इतिहास वाचून दाखवला. औषधवाला चक्क घोरला. अखेर तिघांची पात्रं मुक्कामाला एका सराईत पोचली.

“सराईवाल्याचं नाव काय?” पुतणीने विचारलं.

सम्राटाने रजिस्टरं उपसली. घोड्यांची नावं होती, सराईवाल्याचं नव्हतं.

“त्याला कशाला हवं नाव? तुम्हाला राजधानीत जायचंय.”

“अहो काका, हाक तरी काय मारायची? मी ठेवते. ठोंब्या!”

तिघं खो खो हसली. औषधवाल्याने ठोंब्याच्या गुडघ्यांना लेप लावला, मैत्रिणीने त्याची हरवलेली गाय शोधायचं कबूल केलं. राजधानीचं नाव कोणी काढेना. सम्राटाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“सराईवर वीज पडली!” तो ओरडला. “ठोंब्या मेला. चला आता राजधानीत!”

पुतणीने फासे गोळा केले आणि तिघांनी काढता पाय घेतला. एवढा मोठा निर्माता, आणि मारलं कोणाला, तर एका गुडघेदुख्या म्हाताऱ्याला!

त्यानंतर दर रविवारी दुपारी बायको बाहेर जाऊ लागली. तिसऱ्या रविवारी ती हसतच घरात शिरली.

“कुठे होतीस?”

“तुमच्या पुतणीकडे, खेळायला. मी ठोंब्याची बायको झालेय! वीज शेजारच्या झाडावर पडली होती म्हणे. ठोंब्या ठणठणीत आहे.”

“आणि राजे? राजे कोणते आहेत तुमच्या जगात?”

“राजे कशाला? एक सराई आहे. तिलाच दुपार पुरत नाही.”

सम्राटाने हातातलं रजिस्टर मिटलं. मग आवाज होईल तेवढा बेफिकीर ठेवून म्हणाला, “मला घेतील का?”

बायकोला त्याची कीव आली.

“विचारून बघते हं,” ती म्हणाली.