विशालाक्षी मॅडम आणि अंगणातला पाचोळा

आमच्या कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवायचो आणि विशालाक्षी हेगडे प्राणिशास्त्र. दोघांच्या प्रयोगशाळांमध्ये एक लाकडी फळ्यांची भिंत होती, त्यामुळे त्यांचं अर्धं आयुष्य मी ऐकलेलंच आहे.

एके काळी मॅडम पोरांना घेऊन रानात जायच्या. पांढरं कापड गवतावरून ओढायचं, त्याला चिकटलेले गोचीड बाटलीत भरायचे, कुठल्या रानात किती सापडतात ते पाहायचं. आमच्या मलनाडात, कर्नाटकातल्या या डोंगराळ मुलखात, माकडताप या गोचिडांमुळेच होतो. रानात माकड मरून पडल्याचं कळलं की ताप आलाच, असं गाव समजतं. एका उन्हाळ्यात त्यांचा विद्यार्थी अण्णप्पा त्या तापाने पडला. वाचला, पण पुढे कितीतरी महिने त्याच्या हाताला कंप होता, पेन धरवत नव्हतं. मॅडमना कुणीच दोष दिला नाही. तो त्यांनी स्वतःच स्वतःला दिला. कापडं धुऊन कपाटात ठेवली आणि त्यानंतर फळ्यावर चित्रं काढून शिकवलं. शिकवायच्या फार छान, पण कुणी संशोधनाचं नाव काढलं की म्हणायच्या, "ते परीक्षेत येत नाही. पुढे चला."

मग सौपर्णिका नायक आली. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची मुलगी, अंगाने काडी आणि जीभ तिखट. तिच्या शेजारची काकू आदल्याच मोसमात माकडतापाने गेली होती.

"काकू रानात गेलीच नव्हती, मॅडम," ती सांगत होती. "गुडघ्यांमुळे तिला अंगणाबाहेर जाववत नव्हतं. गोठ्यात मात्र रोज बसायची. पाचोळ्यावर."

आमच्याकडे बायका रानातून सुक्या पानांचे भारे आणतात आणि गुरांखाली अंथरतात. सौपर्णिकाचा प्रश्न सरळ होता. भाऱ्यातून गोचीड घरात येतात का? आणि येत असतील, तर पानं आधी अंगणात उन्हात घातली तर जातील का?

"प्रश्न चांगला आहे," मॅडम म्हणाल्या. "तू मात्र त्यात पडायचं नाहीस."

"का पण?"

"तुला रानात पाठवायची जबाबदारी मी घेणार नाही."

"मी काय तुमच्या परवानगीने रानात जाते, मॅडम? आई रोज जाते. सुट्टीच्या दिवशी तिच्याबरोबर मीही भारा उचलते. तुम्ही नाही म्हणालात म्हणून आमच्या गाई उभ्याने झोपणार आहेत का?"

भिंतीच्या अलीकडे मी हातातली नळी तशीच धरून उभा राहिलो.

त्या रविवारी मॅडम माझ्या स्कूटरवर बसून अण्णप्पाच्या गावी गेल्या. तो आता तिथल्या हायस्कुलात मास्तर होता. त्याने आम्हाला ताकातली तंबळी आणि भात वाढला, सगळं ऐकून घेतलं आणि हसला. "मॅडम, तो गोचीड मला तुमचं कापड ओढताना चावला की आमच्या बागेत, ते कोण सांगणार? मला तर कळलं नाही. तुम्ही मात्र ठरवून बसलात."

मॅडमनी दुसऱ्या दिवशी कपाट उघडलं.

नियम कडक होते. मुद्दाम रानात जायचं नाही, घरी आलेलेच भारे तपासायचे. पायात गमबूट, हातात मोजे, आरोग्य केंद्रातून मिळणारं, गोचीड दूर ठेवणारं तेल आधी चोळायचं, अंगावर काही सापडलं तर लपवायचं नाही. सौपर्णिकाच्या अंगणात पांढऱ्या चादरी पसरल्या गेल्या. काही भारे उन्हात घातलेले, काही थेट आणलेले. आमच्याकडे शिकवणाऱ्या बाईंना अक्कोरे म्हणतात. तिची आई बंगारक्का दारातून मॅडमना म्हणायची, "अक्कोरे, पोरीला कॉलेजात घातली ती पाचोळ्यातून सुटेल म्हणून. तुम्ही तिला परत पाचोळ्यातच बसवलीत!"

पहिल्या काही दिवसांतच उत्तर मिळालं. भाऱ्यातून गोचीड घरी येत होते. उन्हात घातलेल्या पानांत ते कमी दिसले आणि सौपर्णिका आनंदाने गावभर सांगत सुटली.

मोसम पुढे सरकला तसा फरक मिटत गेला. वरची पानं तापली की गोचीड खालच्या दमट थरात उतरत. प्रत्येक भारा खालपर्यंत उलटून बघितला, तेव्हा उन्हाचा काही उपयोग दिसेना.

"आपण सुरुवातीचेच दिवस धरू या," सौपर्णिका चाचरत म्हणाली. "नंतर हवा ढगाळ होती."

"ढगाळ दिवशी तुमच्या गाई पाचोळ्यावर झोपत नाहीत?"

सौपर्णिकाने वही मिटली. मॅडम मग हळू आवाजात म्हणाल्या, "मलाही वाईट वाटतंय गं. पण दिसलं ते लिहायचं."

त्याच आठवड्यात सौपर्णिका धावतच कॉलेजात आली. तोंड उतरलेलं. गावातल्या बायकांनी तेल लावणं सोडलं होतं. त्या म्हणत होत्या, "पानं उन्हात घातली की झालं, मग ते वास मारणारं तेल कशाला?"

मॅडमनी वर्ग सोडला. दोघी दुपारपासून घरोघर फिरल्या. मीही बरोबर होतो.

"म्हणजे अक्कोरे, तुम्ही चुकलात?" एका घरच्या सुनेने तोंडावर विचारलं.

"चुकले. कच्चं उत्तर बाहेर पडलं. तिला आधी बजावायला हवं होतं, ते मी केलं नाही. म्हणून सांगायला आले."

शेवटी सौपर्णिकाच्या घरी आलो. बंगारक्काने कमरेवर हात ठेवले. "अख्खा मोसम माझं अंगण अडवलंत, सुपारी वाळत घालायला जागा ठेवली नाहीत, आणि हातात काय? भोपळा!"

"भोपळा नाही, आई," सौपर्णिका म्हणाली. "गोचीड भाऱ्यातून घरी येतात, हे तर पाहिलं ना आपण? तू रानात जाताना तेल लावतेस. गोठ्यात जाताना कुठे लावतेस?"

बंगारक्का आत जाऊन बाटली घेऊन आली आणि तिथेच पायरीवर बसून कोपरापर्यंत तेल चोळू लागली. मग लेकीकडे न बघता म्हणाली, "काकूला हे कुणी सांगितलं नाही."

जिल्ह्याच्या विज्ञान संमेलनात सौपर्णिकाने सगळं जसंच्या तसं मांडलं. बक्षीस एका चकचकीत यंत्राला मिळालं. पाहुण्या प्राध्यापकांनी विचारलं, "थोडक्यात, उन्हाचा उपयोग नाही?"

"नाही सर. पण आहे असं समजून आमच्या गावाने तेल सोडलं होतं. आता परत लावतात, गोठ्यातही."

सौपर्णिका पुढे शिकायला धारवाडला गेली. मॅडम निवृत्त होईपर्यंत दर वर्षी दोघाचौघांना घेऊन काम करत राहिल्या. पहिल्या दिवशी पोरं विचारायची, "काय सापडलं पाहिजे, मॅडम?" त्यावर त्या भिंतीपलीकडून मलाही ऐकू येईल इतक्या मोठ्याने हसायच्या.